मापाचं आडनाव

मालन रांबाडे हिला 'साधारण' हा शब्द खपत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "बाही साधारण कोपरापर्यंत ठेवा," की ती गळ्यातली टेप काढते आणि म्हणते, "हात वाकवा. तुमचं कोपर बघू दे. साधारण कोपर मी अजून कुणाचं बघितलं नाय." माणसं हसतात, काही चिडतातही, पण पुढचं कापड तिच्याकडेच टाकतात. रत्नागिरीत माळनाक्याला हार्डवेअरच्या एका दुकानावर तिचं शिवणाचं युनिट आहे. मशिनी, कापायचं लांब टेबल, सतत बोलणाऱ्या बायका, आणि खिडकीशी कागदावर रेघा ओढणारं एक मोठं यंत्र. प्लॉटर म्हणतात त्याला. शिवणाच्या खोलीत हे धूड कशाला, असं नवीन येणारा प्रत्येक जण विचारतो. त्याचं उत्तर लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे.

मालन संगमेश्वराकडच्या खेड्यातली. बारावी सायन्सला चांगले मार्क पडले, पण तेवढ्यात लग्न ठरलं आणि सायन्स राहिलं. नवरा काशीराम मुंबईला नोकरीत, घरी गणपतीत आणि शिमग्यात. मग ही लोट्याच्या एका केमिकल कंपनीत पॅकिंगला लागली. कंपनीची बस, शिफ्टचं जागरण, नाकात बसणारा वास, सगळं तिने चालवून घेतलं. चालवून घेतला नाही तो बॉयलर सूट, शर्ट-पँट एकत्र शिवलेला कामाचा पोशाख. बायकांसाठी वेगळा सूट असतो हे तिथे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. पुरुषांचा लहानातला लहान सूट हातात द्यायचे. तो खांद्यावरून ओघळायचा, पार्श्वभागाला आवळायचा, आणि बाह्या बोटांच्याही पुढे. बायका हाताला नि पायाला दुमडी घालून कामाला उभ्या राहायच्या. एकदा लोखंडी जिना उतरताना मालनच्या पायाची दुमड सुटली, दुसऱ्या पायाखाली आली, आणि बाई गडगडत खाली. गुडघ्याला टाके पडले. सुपरवायझर बघायला आला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, दुमड नीट घालत जा."

म्हणजे कपडा बरोबर आणि बाई चुकीची! टाके सुकले, वाक्य सुकलं नाही. मालनने नोकरी सोडली, शिवण शिकली, शिकवली, युनिट काढलं. ब्लाउज आणि शाळेचे गणवेश यांच्यावर घर चाललं, मुलगा शिकला. पण डोक्यात लोट्याच्या बायका होत्या. प्रत्येकीच्या मापाचा सूट शिवायचा तर प्रत्येकीचा कटिंगचा कागद वेगळा काढायला हवा, आणि हाताने तसे कागद काढत बसलं तर कंपनी दुसरीकडे जाणार. विकतच्या सॉफ्टवेअरात पुन्हा तेच, लहान, मध्यम, मोठा. साधारणच!

त्याच सुमारास दत्तात्रेय फणसळकर सर वाचनालयाच्या मागच्या खोलीत बायकांना कॉम्प्युटर शिकवायला लागले. तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले, स्वभावाने गरीब, पण पद्धत म्हणजे पद्धत. त्यांनी पहिल्या दिवशी अर्ज कसा टाइप करायचा ते दाखवलं. मालनने हात वर केला.

"सर, अर्ज मी हातानंही लिहीन. ह्याला रेघ ओढायला सांगता येते काय?"

"कसली रेघ?"

"बाहीची. माप मी सांगणार, रेघ ह्याने ओढायची."

सरांनी चष्मा पुसला. तंत्रनिकेतनात इतकी वर्षं गेली, पण असा सरळ प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. ते तिला पायथन शिकवायला लागले. पायथन म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम लिहून द्यायची एक भाषा. हुकमांचा गठ्ठा म्हणजे स्क्रिप्ट. त्यात एकेका कामाला नाव देऊन ठेवायचं. मग पुढे नुसती नावाने हाक मारली की ते काम होतं. अशा नाव दिलेल्या कामाला फंक्शन म्हणतात. एवढं कळलं तरी पुष्कळ आहे; यापेक्षा अवघड गोष्टी आपण बँकेत रोज समजून घेतो.

मालनने नावं दिली ती मराठी, फक्त इंग्रजी अक्षरांत, आपण मोबाईलवर लिहितो तशी. बाही काढणारं फंक्शन बाही. गळा काढणारं गळा. कमरेखालचा घेर तो घेर. शिवणीसाठी कडेला जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात, म्हणून तिथे माया. बाईचं नाव दिलं की तिची मापं काढून देणारं जे पहिलं आणि मुख्य फंक्शन, त्याचं नाव माप. मोबाईलवर 'माप पाठव' कसं लिहिता? एम, ए, पी. तिनेही तसंच लिहिलं. शिवाय छापून येणाऱ्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात त्यासाठी राबलेल्या फंक्शनांची नावं यायची. चूक झाली तर धरायचं कुणाला ते कळावं, म्हणून.

"नावं इंग्रजी ठेवायची पद्धत आहे," सर म्हणाले.

"कुणाची पद्धत?"

"सगळ्यांची."

"त्या सगळ्यांना म्हणावं, एक दिवस येऊन आमच्या नाटेकरला समजावून सांगा."

ही नाटेकर म्हणजे दर्शना. युनिटमध्ये दर्शना दोन. एक नाटे गावची, कोळ्याघरची, आवाज भरतीचा. दुसरी पाली गावची, हळू बोलणारी. त्यांची खरी आडनावं वेगळी, पण एकीला हाक मारली की दोघी उठायच्या आणि दोन्ही मशिनी थांबायच्या. म्हणून मालनने एकीला नाटेकर केलं आणि दुसरीला पालीकर. गाव लावलं की माणूस सापडतो. नाटेकर आता कॉम्प्युटरवरही बसते. स्क्रिप्ट उघडून 'बाही' शोधते आणि मनगटाचा आकडा बदलते. तिथे इंग्रजी शब्द असता तर तिने हात लावला नसता, मालनला बोलावलं असतं. मालनला तेच नको होतं. एकट्या मालकिणीला समजणारं हत्यार युनिटच्या काय उपयोगाचं?

तर हे सगळं बसलं, गणवेश त्यावर निघायला लागले, आणि लोट्याहून फोन आला. ऋजुता आगाशे म्हणून एका कंपनीत सुरक्षा अधिकारी होत्या. मालन पडली ती ही कंपनी नव्हे, पण बायकांच्या दुमडी त्याच. आगाशेबाई थेट बोलणाऱ्या निघाल्या.

"रांबाडेबाई, हेड ऑफिस मुंबईच्या एका पुरवठादाराला काम देतंय. तयार साइज. मी भांडून एक संधी मागून घेतल्ये. एका शिफ्टच्या बायकांची मापं आमच्या नर्सने घेतल्येत, फाईल पाठवते. शनिवारी त्यातल्या दोघींना घेऊन मी येईन. त्यांचे सूट अंगावर बसले पाहिजेत, आणि फाईल टाकली की बाकीच्यांचे कागद माझ्यासमोर निघाले पाहिजेत. मग काम तुमचं."

"आणि नाय निघाले तर?"

"तर मुंबईचा माल येणार. आणि एकदा आला की पुढे कोणी विचारणार नाही."

मालनने फोन ठेवला आणि गुडघा चोळला. तो काही दुखत नव्हता.

आतापर्यंत मापं हाताने घालत होते. आता फाईल वाचायला हवी. गुरुवारी सकाळी सर आले. त्यांनी स्क्रिप्टमध्ये फाईल वाचणारी ओळ घातली. छोटीशीच ओळ, त्यांनी ती आयुष्यभर डोळे मिटून लिहिली होती. मालनने बटण दाबलं. प्लॉटर हलला नाही. पडद्यावर लाल अक्षरं आली.

"काय म्हणतो?" नाटेकरने मशीनवरूनच विचारलं.

मालनने वाचलं. "म्हणतो, मापाला एकच गोष्ट लागते, तुम्ही दोन दिल्यात."

"कोणी दिल्या दोन?"

"मी नाय. सर, तुम्ही काय दिलात?"

सर खुर्ची ओढून बसले, ओळ वर-खाली बघितली, आणि कपाळाला हात लावला. "अहो मालनताई, पायथन जन्माला येतानाच काही नावं घेऊन आलेला आहे. बिल्ट-इन म्हणतात त्यांना. त्यातलं एक एम-ए-पी. मॅप. त्याचं काम वेगळं. त्याला एक काम सांगायचं आणि एक रांग द्यायची, म्हणजे तो रांगेतल्या प्रत्येकाला ते काम लावतो. फाईलमधले आकडे अक्षरं म्हणून येतात, त्यांचे खरे आकडे करायला मी त्या मॅपला हाक मारली. आणि ओ दिली तुमच्या मापाने."

"दोन दर्शना!" पालीकर हळूच म्हणाली.

"पण मग पायथनने आधी सांगायचं ना, हे नाव माझ्या घरचं आहे म्हणून!" मालन म्हणाली.

"तो सांगत नाही. तुम्ही ते नाव वापरलंत की तो समजतो, यांना तसंच हवं असेल. गपचूप बाजूला होतो."

"असे गपचूप बाजूला होणारेच घोळ करतात. आमच्याकडे एक आहे मुंबईला." बायका हसल्या. मालन हसली नाही. "बरं, उपाय?"

"सोपा आहे. मी माझी ओळ दुसऱ्या पद्धतीने लिहितो, मॅपशिवाय."

"आज तुमची ओळ. उद्या दुसरं कुणी काही घालेल, त्याचं काय? तो मूळचा राहणारा, मी त्याच्या नावावर बसल्ये. उठायचं तर मीच उठायचं."

"मग इंग्रजी नाव द्या. गेट मेझरमेंट."

"नाटेकर, मेझरमेंटचं स्पेलिंग सांग."

"मी नाय सांगणार," नाटेकर म्हणाली. "आणि विचारूही नका."

सर आता थोडे हट्टाला आले. "ठीक. मग उच्चाराप्रमाणे लिहा. दोन ए घाला. एम, डबल ए, पी. मराठीचं मराठी राहिलं आणि भांडण मिटलं."

हे पटण्यासारखं होतं. मालनने स्वतः ते बदललं, सरांनी तपासलं, बटण दाबलं आणि प्लॉटर चालू झाला. पाठीचा भाग आला, पुढचा आला, घेर आला. बायका कागद उचलायला धावल्या. सर टोपी घालून घरी गेले.

दुपारी नाटेकर बाहीवर बसली. आगाशेबाईंनी बाही मनगटाशी बंद हवी असं कळवलं होतं, म्हणजे मनगटासाठी बाहीच्या कामात मापाला आणखी एकदा हाक मारायची. तिने ती मारली. फाईल घातली. पुन्हा लाल अक्षरं.

"मालनताई! आता म्हणतोय निदान दोन तरी द्या! सकाळी दोन दिल्यात म्हणून ओरडत होता!"

मालन कात्री ठेवून आली. पडद्याकडे बघितलं आणि तिला एकदम उमगलं. सकाळी जो ओरडला तो तिचा माप. त्याला एकच पुरतं. आता जो ओरडतोय तो मूळचा, घरमालक. त्याला दोन लागतात. म्हणजे नाटेकरने हाक मारली ती जुन्या नावाने.

"एक ए लिहिलास ना?"

"मग किती लिहितात? मी जन्मात माप दोन ए घालून लिहिलं नाय. तुमचा तरी एखादा मेसेज काढून दाखवा."

मालनने मोबाईल काढला नाही. तिला उत्तर माहीत होतं. बोटांना जी सवय ती बोटं करणार. दोन ए आज लक्षात राहतील, घाईत विसरतील, आणि शनिवारी आगाशेबाईंच्या समोर नेमका तोच एक ए कमी पडेल. तिने सरांना फोन लावला.

"सर, डबल ए चालणार नाय."

"अहो, जरा लक्ष ठेवून लिहा म्हणावं."

मालन इतकी वर्षं मागे गेली. लोखंडी जिना, गुडघा, आणि तो सुपरवायझर. दुमड नीट घालत जा.

"नाय सर," ती म्हणाली, आणि आवाज असा निघाला की मशिनी थांबल्या. "बाईला सांगायचं नाय नीट घालत जा म्हणून. कपडा बदलायचा. नावच असं पायजे की चुकताच येणार नाय." तिने फोन टेबलावर आपटला आणि त्याच आवाजात ओरडली, "नाटेकर! ती मोठी कात्री दे इकडे!"

एकच दर्शना उठली. पालीकरने मान वर केली नाही. तिचं मशीन चालत राहिलं.

मालन कात्रीकडे हात करून तशीच उभी राहिली.

"घ्या ना," नाटेकर म्हणाली.

"कर," मालन म्हणाली.

"काय करू?"

"अगं कर! नाटेकर, पालीकर... मापकर! त्याला आडनाव लावू या. मूळचा मॅप त्याच्या घरी सुखात राहू दे. आपला तो मापकर."

पालीकरने आता मात्र मशीन थांबवलं. ती हळू बोलते, पण बोलते तेव्हा कामाचं. "आणि ताई, त्याचा अर्थही होतो. माप कर. त्याला हुकूमच आहे तो."

नाटेकर टेबलावर थाप मारून असं हसली की खाली हार्डवेअरवाल्याने वर बघितलं असेल. माप कर! विसरायचं कसं हे? हुकूमच मुळी तोच द्यायचा होता. मग बायकांना चेव आला. बाहीलाही आडनाव द्या, बाहीकर. घेरकर. गळेकर. माया राहिली, तिला मायेकर केलं. "मायेकर म्हणजे चांगल्या घरचे वाटतात," पालीकर म्हणाली. सगळं स्क्रिप्ट एका घरचं झालं. पायथन जन्माला येताना कसलीही नावं घेऊन आला असू दे, त्यात कोकणातलं आडनाव नाही एवढं नक्की.

मालनने सरांना पुन्हा फोन लावला आणि सांगितलं. पलीकडे सर 'मापकर, मापकर' असं पुटपुटत राहिले.

"सर? आहात काय?"

"आहे, आहे. विचार करत होतो. आम्ही असं वेगळं ओळखू यावं म्हणून नावाला मागे शेपूट लावायला शिकवतो. रेघ लावतात, आकडा लावतात. पण शेपटाला अर्थ असावा, हे..." ते हसले. "मी फणसळकर असून मला सुचलं नाही बघा! उद्या येतो. सगळ्या हाका एकदा तपासून घेऊ, कुठे जुनं नाव राहिलं नाही ना ते."

आणि आले. राहिलं होतं एका ठिकाणी, खिशाच्या कामात. ते सरांनीच पकडलं. शुक्रवारी दिवसभर दोघींचे सूट शिवले. मालनने मुंबईहून आलेला नवऱ्याचा फोनही घेतला नाही.

शनिवारी आगाशेबाई आल्या, सोबत लोट्याच्या दोघी. एक सोनूबाई, उंच, रुंद, निवृत्तीला आलेली. दुसरी सानवी, चिमणीएवढी, नुकती लागलेली. या दोघींना एकाच साइजचा सूट मिळत होता आणि दोघींनाही तो होत नव्हता. मालनने त्यांना पडद्याआड पाठवलं.

सोनूबाई आधी बाहेर आली. आली आणि नुसती उभी राहिली.

"हात वर करा," मालन म्हणाली. सोनूबाईने केले. बाही मनगटावरून हलली नाही. "आता बसा उकिडव्या." बसली. पाठीला ताण नाही, शिवण उसवल्याचा आवाज नाही. ती खालीच बसून राहिली आणि म्हणाली, "अगं बाई, ह्यात मला श्वास घेता येतो की!"

सानवीने तर खोलीत चक्कर मारली, मग जिन्याकडे गेली, धाडधाड खाली उतरली आणि तशीच वर आली. मालनचे डोळे तिच्या घोट्यांवर होते. दुमड नव्हती. दुमडायला काही नव्हतंच.

"आता फाईल," आगाशेबाई म्हणाल्या. सूट त्यांना आवडलाय हे दिसत होतं, पण बाई पक्क्या होत्या. त्यांनी स्वतःची पेनड्राईव्ह काढली. मालनने ती नाटेकरच्या हातात दिली आणि स्वतः बाजूला उभी राहिली. नाटेकरने फाईल घातली, बटण दाबलं. लाल अक्षर एकही नाही. प्लॉटर घरघरला आणि कागद यायला लागले, एकीचा, दुसरीचा, तिसरीचा, प्रत्येकीचा निराळा, टेबलावरून ओघळून जमिनीवर. आगाशेबाईंनी एक उचलला, मग दुसरा, उजेडात धरला. कोपऱ्यातली नावं वाचायला लागल्या.

"बाहीकर... घेरकर... मायेकर. आणि हे मापकर तर प्रत्येक कागदावर आहेत. काम नेटकं आहे हं यांचं. मला भेटायचंय मापकरांना. आज आलेले नाहीत का?"

सर खिडकीकडे तोंड करून खोकायला लागले. पालीकरने ओढणी तोंडात कोंबली.

"आलेत की," मालन म्हणाली. "काम दिलंत की रोज येतील. सुट्टी घेत नायत, चहा पीत नायत, आणि साधारण हा शब्द त्यांना माहीतच नाय."

आगाशेबाईंनी तिच्याकडे बघितलं, कॉम्प्युटरकडे बघितलं, आणि त्यांना कळलं. त्या खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग पर्स उघडून मोबाईल काढला आणि सगळ्यांच्या देखत हेड ऑफिसला फोन लावला. "मुंबईचा माल थांबवा. हो, सगळ्या शिफ्टचा. रत्नागिरीत होतंय."

नाटेकरने अशी आरोळी ठोकली की नाट्याच्या बंदरात होडीला ऐकू गेली असती.

निघताना सोनूबाई सूट उतरवायला तयार होईना. "असू दे अंगावर," मालन म्हणाली. "बसमध्ये सगळ्यांना दाखवा." सोनूबाई आणि सानवी पुढे मागे जिना उतरल्या. मालन वर कठड्याला धरून उभी राहिली आणि त्या दोघींचे पाय शेवटच्या पायरीपर्यंत बघत राहिली. कुणी खाली बघत नव्हतं, कुणी कापड उचलून धरत नव्हतं.

मग ती आत वळली. टेबलावर कागदांचा ढीग पडला होता आणि बायका अजून हसत होत्या.

"पुरे झालं," मालन गरजली. "पुढच्या शिफ्टची फाईल येईल आता. नाटेकर, बस मशीनवर. माप कर!"

"मी की तो?" नाटेकरने विचारलं.